गाडीच्या मागे बसणारा मिस्त्री

माझा मामा गाडीचं बॉनेट कधीच आधी उघडत नसे. बाकीचे मेकॅनिक गाडी आली की आत डोकं घालतात, दोन पाने वाजवतात, "च्च च्च" करतात. तेवढ्यानेच मालक खिसा चाचपायला लागतो. मामा मात्र शेडच्या कोपऱ्यातलं तीन पायांचं लाकडी स्टूल उचलायचा, गाडीच्या मागे जायचा, सायलेन्सरपासून चार हातांवर ते मांडायचा आणि ऐसपैस बसायचा. मग म्हणायचा, "मार सेल्फ."

नवीन गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. एकदा एक ट्रकवाला न राहवून म्हणाला, "मिस्त्री, इंजिन पुढे आहे."

"माहीत आहे," मामा म्हणाला. "पण ते बोलतं मागून."

मी त्या मिस्त्रीची भाची. गेली नऊ वर्षं रुग्णालयाची व्हॅन चालवते. माझी जीभ तिखट आहे असं घरचे म्हणतात. मी म्हणते, सरळ आहे. त्यामुळे मामाबद्दल जे सांगेन ते सरळच सांगेन, त्यात त्याची चूकही आली आणि माझीही.

मामाचा पहिला नियम होता, गाडी थंड हवी. आता आमच्याकडच्या मालकांची एक खोड आहे. आपली गाडी मिस्त्रीसमोर खोकलेली कोणालाच आवडत नाही. तक्रार असते सकाळी सुरू होत नाही म्हणून, आणि हे शहाणे घरी अर्धा तास झटापट करून ती सुरू करणार, दोन चकरा मारून चांगली तापवणार आणि मग ऐटीत घेऊन येणार. अशी गाडी मामाच्या दारात एका सेल्फमध्ये सुरू होते, धूर नाही की काही नाही. मालकच तोंडात मारल्यासारखा उभा राहतो. मामा बॉनेटवर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "न्हाऊन-माखून आणलीस होय? ठेवून जा. उद्या सकाळी सहाला ये, मी बसतो मागे."

सकाळी सहाला काय दिसतं ते त्याने मला लहानपणीच शिकवलं होतं. धूर काळा असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी. पांढरा असेल तर डिझेल जळतच नाहीये, इंजिन गारठलंय किंवा पाणी आत शिरतंय. निळा असेल तर ऑइल जळतंय, आणि ते सगळ्यात वाईट. एवढं कोणीही पाठ करेल. पण मामाला त्याच्या पुढचं दिसायचं. धूर सुरू करताना येतो, की चढावर, की उतारावर पाय सोडून पुन्हा दिल्यावर, हे तो आधी विचारायचा आणि उत्तर ऐकताना सायलेन्सरवरची नजर काढायचा नाही.

एका बसचं सांगते. चढावर कोळशाच्या भट्टीसारखा काळा धूर, आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चालायची. दोन गॅरेजांनी सांगितलं होतं की इंजिन उतरवावं लागेल. मामाने स्टूलवर बसून धूर पाहिला, मग बसमध्ये बसून चढ चढून आला आणि परत आल्यावर मामीकडून वाटीभर साबणाचं पाणी मागून घेतलं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, त्याच्यापासून इंजिनात हवा नेणारा एक जाड रबरी पाइप असतो. त्याच्या जोडावर त्याने ते पाणी लावलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "दाब पाय." जोडावर फेसाचे फुगे यायला लागले. तिथली क्लिप सैल होती. टर्बो बिचारा हवा भरत होता आणि ती वाटेतच निसटत होती. मामाने स्क्रूड्रायव्हरने सहा आटे आवळले, हात पुसले आणि चहा मागवला. बसचा मालक त्या क्लिपकडे असा बघत राहिला की मला हसू आवरेना.

अशा पंचवीस वर्षांनी मामाच्या शब्दाला वजन आलं होतं. "मिस्त्री पांढरा म्हणाले" असं कोणी सांगितलं की पुढे कोणी वाद घालत नसे. मामाकडे पाटी नव्हती, नाव छापलेलं कार्ड नव्हतं. जे काही होतं ते एवढंच, त्याचा शब्द.

शेडला लागून एक खोली आहे. तिच्या खिडकीत मामी शिवणयंत्रावर बसते आणि गाड्यांची सीट कव्हरं शिवते. भिंतीवर दोऱ्याच्या रिळांची फळी आहे, फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने लावलेली. कापडाच्या तुकड्याशी जुळणारा दोरा मामी नुसत्या नजरेने काढते, दोनदा बघत नाही. नवरा-बायकोत दिवसभर खिडकीतून बोलणं चालायचं, त्यातलं निम्मं भांडण आणि निम्मं चहा.

त्या खिडकीत साधारण वर्षभरापूर्वी एक गोष्ट झाली. मामीने हाक मारली, "अहो, ते निळं रीळ खाली पडलंय, तेवढं द्या." मामाने उचलून दिलं ते राखाडी. मामी म्हणाली, "डोळे तपासून घ्या एकदा." मामा म्हणाला, "तुझ्या रिळाचा रंग उडालाय." मी तिथेच होते. आम्ही तिघंही हसलो आणि विषय संपला.

माझ्या व्हॅनमध्ये आठवड्यातून तीन दिवस सहाजण असतात. सगळे डायलिसिसचे. टेकडीवरच्या वस्तीतून त्यांना सकाळी सातला उचलायचं आणि उतारावरून रुग्णालयात आणायचं. त्यांचा एक दिवस चुकला तर पाय सुजतात, श्वास लागतो. दोन चुकले तर काय होतं ते मी सांगत नाही. त्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, त्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो. त्या मांडीवर स्टीलचा गोल डबा घेऊन बसतात आणि माझ्या ब्रेक मारण्याला रोज गुण देतात. दहापैकी सहाच्या वर मी कधी गेले नाही.

तीच व्हॅन सकाळी सुरू व्हायला नखरे करायला लागली. पाच-पाच वेळा सेल्फ मारावा लागे आणि मग मागे धुराचा ढग. मी संध्याकाळीच ती मामाच्या दारात लावून गेले, म्हणजे तापवल्याचा आळ नको. सकाळी सहाला मामा स्टूलवर बसला. मी सेल्फ मारला. चौथ्यांदा इंजिन धरलं आणि मागे धूरच धूर झाला.

"पांढरा," मामा म्हणाला.

खिडकीतून मामी म्हणाली, "अहो, मला जरा निळसर वाटतोय."

"तू सीट कव्हर शिव," मामा म्हणाला.

तिथे आणखी दोन ड्रायव्हर उभे होते. ते हसले. मीही हसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मामावर बोट दाखवणारे खूप निघाले आणि मी त्या वेळी खिदळत होते हे कोणालाच माहीत नाही.

मामाने चारही हीटर प्लग काढून तपासले. थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून आत ऊब देणाऱ्या या काड्या. चारपैकी दोन मेल्या होत्या. त्याने त्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या सेल्फला उठली. धूर कमी झाला, पूर्ण गेला नाही. मामा म्हणाला, "जाईल दोन दिवसांत." मी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात ऑइल दोनदा कमी दिसलं तेव्हा मी आपलं आपण वरून ओतलं आणि मामाला बोलले नाही. उगाच कशाला त्याच्या मागे कटकट, असं वाटलं. नऊ वर्षं डिझेल गाडी चालवणाऱ्या बाईने हे करावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

दहाव्या दिवशी मी एवढंच म्हणाले, "मामा, चढावर जीव नाही गाडीला." तो म्हणाला, "उद्या मी येतो, मागच्या सीटवर बसतो." आणि तो आला म्हणून आज हे लिहायला मी आहे.

सहाही जणांना घेऊन आम्ही टेकडी उतरलो. उताराच्या पायथ्याला रुग्णालयाचं फाटक आहे आणि आत शिरताना छोटासा चढ. मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला, इंजिनाने आवाज चढवला. मी पाय काढला. आवाज उतरला नाही. तो आणखी चढला. मी क्लच दाबला, ब्रेकवर जवळजवळ उभी राहिले, हॅन्डब्रेक ओढला आणि किल्ली फिरवून बाहेरच काढली. किल्ली माझ्या हातात, आणि इंजिन बोंबलतंय! सगळी व्हॅन थरथरत होती. मागची काच धुराने भरून गेली.

"उतरव सगळ्यांना!" मामा ओरडला आणि दार उघडून पुढे धावला.

मी एकेकाला हाताला धरून उतरवलं. आमची माणसं अशी की एरवी पायरी उतरायला दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी कशी उतरली देव जाणे. बाई शेवटी होत्या, डबा पोटाशी धरून. मामाने बॉनेट उघडलं होतं. मी सीटखालचं फडकं घेऊन धावले, वाटलं हवेचं तोंड बुजवावं, हवा मिळाली नाही की इंजिन मरतं. त्याने माझा हात झटकला. "फडकं नको, ओढून घेईल!" मग त्याची नजर बाईंच्या डब्यावर गेली. "बाई, झाकण!"

बाईंनी एक शब्द न विचारता झाकण काढून दिलं. मामाने एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या, फिल्टर उपसून फेकला आणि उघड्या पडलेल्या पाइपच्या तोंडावर ते स्टीलचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं. इंजिनाने ते असं ओढलं की झाकण मधोमध खोल दबलं. दोन गचके बसले, एक घरघर झाली आणि सगळं बंद पडलं.

मग बाई म्हणाल्या, "ब्रेकला आज आठ."

मी रडत होते की हसत होते मला आठवत नाही. टर्बोचं सील गेलं होतं. टर्बोतलं ऑइल हवेबरोबर इंजिनात जात होतं, आणि शेवटी शेवटी इंजिन डिझेल सोडून स्वतःचंच ऑइल जाळत सुटलं होतं. म्हणून किल्लीला जुमानत नव्हतं. हे मला तिथेच कळलं, मामालाही. पण तो इंजिनाकडे बघत नव्हता. व्हॅनच्या मागे अजून रेंगाळणाऱ्या ढगाकडे बघत होता.

"कसला रंग आहे गं?" त्याने विचारलं.

"निळा," मी म्हणाले. "चांगला निळा आहे, मामा."

"मला पांढराच दिसतोय," तो म्हणाला.

तो हे हळू म्हणाला असता तर चाललं असतं. टर्बो आहे, एकाएकी जातो, असं सांगितलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. सहा पेशंट, फाटकावरचा पहारेकरी, बाहेर आलेल्या दोन नर्स, कोणालाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मामा त्यांच्याकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दहा दिवसांपूर्वी हा धूर मी पाहिला होता. माझ्या बायकोने निळा सांगितला होता. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, गाडीची नाही, हिचीही नाही."

"माझीपण आहे," मी म्हणाले आणि ऑइलचं सांगून टाकलं. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, काळ्या हाताने.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. चांगला पिकलेला. त्यातून सगळं पिवळट दिसतं, निळा आणि राखाडी एकच वाटतो. तीन आठवड्यांनी ऑपरेशन ठरलं. मी म्हटलं, सुटलो. आता गपचूप ऑपरेशन करायचं, तोवर शेड बंद ठेवायची आणि मग पुन्हा स्टूल मांडायचं. मामाने त्याच दिवशी गाड्या मोजायला सुरुवात केली. रिळाच्या दिवसापासून पुढे ज्या ज्या गाडीचा धूर त्याने "पांढरा" म्हणून सांगितला होता, त्या सगळ्या. त्याने काही लिहून ठेवलेलं नव्हतं, पण एकही गाडी तो विसरला नव्हता. एकतीस निघाल्या.

"सगळ्यांकडे जायचं," तो म्हणाला. "तू मला ने. आणि हिलाही."

मी भडकले. "वेड लागलंय का? एकतीस दारांत जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगणार, मला रंग दिसत नाही म्हणून? पुन्हा तुझ्या दारात कुत्रंसुद्धा येणार नाही. पंचवीस वर्षं जे कमावलंस ते असं वाटेवर टाकणार?"

"तुझ्या गाडीत सहाजण होते, ते मला माहीत होतं," तो म्हणाला. "बाकीच्या गाड्यांत कोण बसतं, ते मला माहीत नाही."

मी गाडीची किल्ली घेतली.

तीन आठवडे आम्ही पहाटे उठून फिरलो, कारण गाड्या थंड हव्या. माझ्या भावाच्या छोट्या गाडीत पुढे मामा, मागे मामी आणि तिच्या मांडीवर स्टूल. दारात गेलो की मामा आधी सांगायचा, "माझे डोळे गेलेत. तुमची गाडी मी चुकीची पाहिली असेन. पुन्हा बघू द्या." मग मामी स्टूलवर बसायची, मामा तिच्या मागे हात बांधून उभा राहायचा आणि ती रंग सांगायची. पहिल्या दिवशी ती लाजली. तिसऱ्या दिवसापासून "जरा पाय द्या हो, नीट दिसत नाहीये" असं मालकांना खडसावू लागली. एकदा मला म्हणाली, "हा निळा बघ, माझ्या फळीवरचं चौथं रीळ."

काहीजण चांगले वागले. काहीजण हसले, आणि ते हसणं माझ्या अजून कानात आहे. मालवाहू ट्रकवाला, तोच, इंजिन पुढे आहे म्हणणारा, तो सगळ्यात जास्त तापला. "वर्षभर आंधळेपणाने गाड्या बघत होतात आणि आम्ही माना डोलावत होतो!" भर रस्त्यात ओरडला. माझा हात शिवशिवत होता. मामाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. आता सेल्फ मारा." त्याच ट्रकचा धूर मामीने निळा सांगितला. सील नुकतं पाझरायला लागलं होतं. मामाने दोन दिवस खपून टर्बो उतरवून दुरुस्त केला. ट्रकवाल्याने त्या दोन दिवसांत त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

एकतिसांत चार चुकलेल्या निघाल्या. सत्तावीस बरोबर होत्या, हे मी जो भेटेल त्याला सांगत सुटले. पण लोकांना चारच ऐकू आल्या.

ऑपरेशन झालं. दीड महिन्याने डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली. पहिल्या सकाळी मामाने शेड उघडली, झाडली, स्टूल पुसलं. मी दुरुस्त झालेली व्हॅन घेऊन आधीच तिथे होते, कोणीतरी असावं म्हणून. सहा वाजले. साडेसहा वाजले. पूर्वी या वेळी दारात तीन गाड्या तरी उभ्या असत. मामा रस्त्याकडे बघत नव्हता, म्हणजे त्याचं सगळं लक्ष रस्त्याकडेच होतं. मी मनातल्या मनात अख्ख्या गावाचा उद्धार करत होते.

पावणेसातला वळणावर एक जीप दिसली. अगदी सावकाश येत होती. मागे जाड दोर, आणि दोराच्या टोकाला तो मालवाहू ट्रक. जीप त्याला ओढत आणत होती.

ट्रकवाला खाली उतरला. मामा म्हणाला, "बंद पडला का वाटेत?"

"नाही," तो म्हणाला. बुटाने माती उकरू लागला. "आठवडाभर सकाळी नखरे करतोय. घरापासून सुरूच केला नाही. तुम्हाला थंड लागतो ना."

मामाने बॉनेटवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. थंडगार असणार, हे लांबूनही कळत होतं. मग तो वळला, स्टूल उचललं, ट्रकच्या मागे नेऊन मांडलं. परत आत गेला आणि चहाचे पेले ठेवायचं दुसरं स्टूल घेऊन आला. तेही शेजारी मांडलं.

"अगं, ये," त्याने खिडकीकडे हाक मारली.

आतून यंत्राचा खडखडाट थांबला. "मी सीट कव्हर शिवतेय," मामी म्हणाली.

जीपवाला फिसकन हसला. मी हसले नाही. मामाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "मला आता सगळं दिसतं. तुझी फळी इथून दिसते, ओळीने. तरी तू सांगितल्याशिवाय मी सांगणार नाही."

मामी बाहेर आली. बोटातलं अंगुस्तान तसंच होतं. दोघं शेजारी शेजारी बसली.

"मार सेल्फ," मामा म्हणाला.

ट्रकने दोनदा कुरकुर केली आणि तिसऱ्यांदा धरलं. धूर आला. मामाने मामीकडे पाहिलं. मामीने मान तिरकी केली, डोळे बारीक केले, चांगला वेळ घेतला.

"पांढरा," ती म्हणाली.

मग मामा म्हणाला, "पांढरा."